आधी सुरण, मग सह्याद्री

सिंहगडावर कुणी उपासमारीनं गेल्याचं अजून तरी ऐकिवात नाही. वाटेवर ताक, लिंबूसरबत, काकडी, उकडलेल्या शेंगा आणि ‘या दादा, गरम पिठलं-भाकरी’ यांनी माणसाला असं घेरलेलं असतं, की उपाशी राहायचा निश्चय करून निघालेलाही माथ्यावर ढेकर देतच पोचतो. कात्रज ते सिंहगड हा रात्रीचा ट्रेक त्यातल्या त्यात निर्मनुष्य. पण त्याचाही शेवट मडक्यातल्या दह्यापाशीच होतो. एवढं असूनही मे महिना उतरणीला लागला, की पुण्यातल्या अनेक सुशिक्षित घरांत एक प्रश्न डोकं वर काढतो : रानात एकटेच अडकलो तर?

आमच्या घरात हा प्रश्न भाच्यानं आणला. तो राहतो पिंपरीला, नोकरी संगणकावरची, आणि वनस्पतीसृष्टीशी संबंध बाल्कनीतल्या कोरफडीपुरता. अलीकडं चार गड केल्यापासून त्याला ‘सर्व्हायव्हल’ची ओढ लागली होती. त्यासाठी मजबूत, घडीचा, खिशात मावेल असा चाकू हवा. त्यानं रीतसर तक्ता केला होता. पोलादाची जात, कडकपणाचा आकडा, पात्याची जाडी, कुलपाचा प्रकार, वजन, किंमत असे सगळे रकाने होते. ‘काय कापायचंय’ हा रकाना तेवढा नव्हता.

त्याच्या ज्ञानाचा उगम एक दाढीवाला अमेरिकन गृहस्थ. हा गृहस्थ पाइनच्या जंगलात बसून चाकू ओंडक्यावर उभा धरतो, त्याच्या पाठीवर दुसऱ्या ओंडक्यानं घाव घालतो आणि लाकूड उभं चिरतो. मग त्याच चाकूनं लाकडाच्या कुरळ्या झिलप्या काढून शेकोटी पेटवतो. पाहायला फार सुंदर. पण जुलैत राजगडावर इतकं कोरडं लाकूड कुणाला सापडलंच, तर त्यानं ते पेटवू नये, वस्तुसंग्रहालयाला भेट द्यावं. शिवाय तो गृहस्थ हाणतो तो अखंड पात्याचा चाकू असतो, मुठीच्या शेवटापर्यंत एकच पोलाद गेलेला. घडीच्या चाकूवर ओंडका हाणला तर लाकडाच्या आधी चाकू दुभंगतो. हे तो गृहस्थ सांगतोही, पण व्हिडिओच्या शेवटी, आणि शेवटपर्यंत व्हिडिओ बघायची पद्धत आता राहिलेली नाही.

भाच्यानं एक चाकू आधीच मागवून ठेवला होता. काळाकुट्ट. पातं अर्धं साधं, अर्धं करवतीसारखं. मुठीच्या टोकाला गाडीची काच फोडायचं टोक, पट्टा कापायची खाच, आत ठिणगी पाडायची कांडी आणि एक शिट्टी. किंमत तीन हजारांच्या आसपास. “परत करायची मुदत आहे अजून, मामा. एकदा तज्ज्ञाला दाखवू या का?” असं म्हणत तो मेट्रोनं मंडई स्टेशनला उतरला. २०२४ च्या सप्टेंबरात हे भुयारी स्टेशन सुरू झाल्यापासून पिंपरीचे नातेवाईक फार सोयीचे झाले आहेत. त्यांच्या दृष्टीनं.

तज्ज्ञ म्हणजे कोण, यावर आमचं एकमत नव्हतं. माझं म्हणणं असं, की पुण्यात पात्याचं खरं ज्ञान एकाच ठिकाणी गोळा झालं आहे आणि ते मंडईत. तिथं पहाटेपासून रात्रीपर्यंत माणसं काहीतरी कापत असतात, तेही पोटासाठी. सर्व्हायव्हल म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

मंडईविषयी बाहेरगावच्या वाचकांसाठी दोन शब्द. ही दगडी इमारत १८८६ साली वापरात आली. तेव्हाचं नाव रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. बाजारासाठी असा टोलेजंग खर्च करण्यापेक्षा तो पैसा शिक्षणावर लावा, असं म्हणत नगरपालिकेत ज्यांनी विरोध केला ते सभासद म्हणजे जोतीराव फुले. पुढं आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्याच इमारतीचं नाव महात्मा फुले मंडई झालं. तेव्हा पुण्यात एखाद्या बांधकामाला विरोध करायचा असेल तर जपून करावा. कालांतरानं तुमचं नाव लागू शकतं.

मंडईच्या पोटात चाकू विकायला नसतात, असतात ते वापरात. विकत घ्यायचे तर चालत रविवार पेठेत, बोहरी आळीत जायचं. दोर, साखळ्या, कुलपं, खुरपी, कुदळी, विळ्या, असं जे जे घरात नसतं आणि नसल्याचं रविवारी संध्याकाळीच लक्षात येतं, ते सगळं तिथं टांगलेलं असतं. आम्ही एका दुकानात शिरलो. गल्ल्यावरच्या काकांनी भाच्याचा काळा चाकू हातात घेतला, उघडला, मिटला, शिट्टी वाजवून बघितली आणि विचारलं,

“काय कापायचंय?”

“तसं काही ठरलेलं नाही, काका. इमर्जन्सीत जे समोर येईल ते.”

“जे समोर येईल ते कापणारी पोरं वेगळी. त्यांच्यासाठीच आम्हाला गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघायला लावलंय.”

काका हसले, पण ते काही गंमत करत नव्हते. कोयता नाचवत गल्लीत दहशत माजवणाऱ्या टोळक्यांनी शहराला जेरीला आणलं होतं, तेव्हा, २०२३ च्या सुरुवातीला, कोयता विकताना आधार कार्ड घ्या, असं पोलिसांनी दुकानदारांना बजावलं. त्यामुळं नारळ सोलायला कोयता घेणारा सभ्य माणूसही हल्ली काउंटरवर उगाचच आपली कुळकथा सांगतो.

भाच्याच्या चेहऱ्यावर कायद्याची काळजी उमटली. उडवून लावण्यासारखी नव्हती ती. शस्त्रास्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची सुरी शस्त्रात मोडते. घरकाम, शेती, शास्त्रीय काम आणि कारखान्यासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. म्हणजे स्वयंपाकघरातली विळी, जिच्याकडं बघून सैन्यानंही वाट बदलावी, ती कायद्याच्या नजरेत निष्पाप. खिशातला तीन-साडेतीन इंची चाकूही या मापात बसत नाही. पण सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो, आणि मग बाळगायला बंदी असलेल्या यादीत सुऱ्या येतात, लाठ्या येतात, काठ्याही येतात. त्या दिवसांत चाकू सॅकच्या तळाशी, डब्याशेजारी असावा, पट्ट्याला लटकवून लक्ष्मी रस्त्यानं मिरवू नये. आणि मेट्रोच्या दारातल्या तपासणीत “हा सर्व्हायव्हलसाठी आहे” असं चुकूनही सांगू नये. “काकडीसाठी” म्हणावं. खरंही तेच असतं.

काकांनी मग ट्रे काढला. बहीण, म्हणजे भाच्याची आई, सोबत होती. तिला घडीचा चाकू म्हटलं की एकच आठवतो, हिंदी सिनेमात खलनायक खटकन उघडतो तो रामपुरी. उत्तर प्रदेशातल्या रामपूरची ही कारागिरी. सिनेमानं तिची इतकी बदनामी केली, की पुढं सरकारनंच लांब पात्यांवर बंधन आणलं, कारागीर पांगले, आणि २०२३ साली त्याच रामपुरात एका चौकात सुमारे वीस फुटी चाकूचा पुतळा उभा राहिला. वस्तू संपत आली की चौक मिळतो, ही चाल बहुधा देशभर सारखीच.

“रामपुरी नको,” बहीण म्हणाली. “तो लाल दाखवा.”

लाल म्हणजे स्विस. स्वित्झर्लंडमधल्या कार्ल एल्सनरनं १८८४ मध्ये कारखाना काढला आणि १८९१ मध्ये तो स्वित्झर्लंडच्या सैनिकांना चाकू पुरवू लागला. हा चाकू सैन्याला कशासाठी हवा होता, हे भाच्याला मी मुद्दाम सांगितलं. शत्रूशी झुंजायला नव्हे. अन्नाचे डबे उघडायला आणि रायफलचे स्क्रू काढायला. खुद्द लष्कराची जगण्याची व्याख्या जेवणाच्या डब्यापाशी सुरू होते, तर पिंपरीच्या ट्रेकरनं तिच्यापुढं जायचं कारण नाही. पुढं अधिकाऱ्यांच्या चाकूत त्यांनी बाटलीचं बूच काढायचा मळसूत्री काटाही घातला. त्या काट्याचा तोरण्यावर काय उपयोग, हा प्रश्न ज्यानं त्यानं आपापल्या संस्काराप्रमाणं सोडवावा.

“पण हा फार साधा आहे,” भाचा म्हणाला आणि त्यानं हुकमाचं पान टाकलं. “मामा, ॲरन राल्स्टन!”

हे उदाहरण या मंडळींच्या ओठांवरच असतं. २००३ साली अमेरिकेतल्या यूटा राज्यात एका अरुंद घळीत या गिर्यारोहकाचा हात निसटलेल्या धोंड्याखाली अडकला. पाच दिवस तो तसाच होता. शेवटी स्वतःचा हात कापून तो सुटला. त्यावर पुढं सिनेमाही निघाला. पण त्याच्याकडं तक्त्यातला चाकू नव्हताच. होतं ते स्वस्तातलं, बोथट झालेलं मल्टिटूल. आणि त्याचं खरं चुकलं ते दुसरीकडंच : कुठं चाललोय हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. आमच्या भाच्याच्या बाबतीत तो धोका शून्य. तो गाडीत बसल्यापासून दर वळणाचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवतो. हरवायचं ठरवलं तरी त्याला एकांत मिळणार नाही.

आता मुद्द्याचं बोलू. चाकू दुमडतो, म्हणजे त्याच्या कमरेत मुद्दाम एक मोड ठेवलेली असते. तिथं एक आडवी पिन, आणि उघडलेलं पातं परत बोटांवर मिटू नये म्हणून कुलूप. घडीच्या चाकूचे पैसे खरं तर या कुलपाचे. काही चाकूंत कुलूप नसतंच, नुसती स्प्रिंग असते. सफरचंदाला ठीक, पण टोक रुतवून जोर लावायची वेळ आली तर बोटं धोक्यात. काहींत मुठीच्या पाठीवर दाबायचा खटका असतो. काहींत मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या टाचेखाली ठाण मांडते, त्याला लायनर लॉक म्हणतात. हा प्रकार सुटसुटीत, एका हातानं मिटणारा. पण सह्याद्रीतली लाल माती त्या पट्टीखाली गेली, की पट्टी अर्ध्यावरच थांबते आणि कुलूप लागल्याचं नुसतं नाटक करते. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूत १९५५ पासून गोल कडी फिरवून पातं अडकवतात. इतकी साधी युक्ती, की बिघडायला काही शिल्लकच नाही. फक्त मूठ लाकडाची. आपल्याकडच्या पावसात ती घराच्या दारासारखी फुगून बसते आणि पातं बाहेर यायला नकार देतं. श्रावणात काकडी दातानंच तोडावी लागते.

काकांची परीक्षा दोन मिनिटांची होती. पातं उघडलं, बोटं वाटेतून बाजूला घेतली, पात्याची पाठ लाकडी काउंटरवर टेकवून दाबली. मग टोक चिमटीत धरून डावी-उजवीकडं हलवून पाहिलं. लाल चाकू ढिम्म. भाच्याचा काळा चाकू किंचित डुलला.

“नवीन आहे म्हणून,” भाचा म्हणाला.

“नवीन आहे तेव्हा डुलतो, तो जुना झाल्यावर नाचेल,” काका म्हणाले.

पोलादाच्या कडकपणाविषयी मात्र काकांना काही घेणंदेणं नव्हतं. भाच्याच्या तक्त्यात साठ, एकसष्ट असे आकडे होते. आकडा जितका चढा तितकी धार जास्त टिकते, हे बरोबर. पण ती गेल्यावर परत आणायला हिऱ्याची कणी बसवलेली पट्टी आणि निवृत्त माणसाची फुरसत लागते. स्विस चाकूचं पोलाद पंचावन्न-छप्पनच्या घरातलं, मऊसर. धार लवकर जाते आणि साध्या दगडावर चार हात मारले की येते. गंजतही नाही. साधं कार्बन पोलाद कापायला सरस, पण आपल्या पावसाळ्यात आणि लिंबाच्या संगतीत ते काळवंडतं, मग तांबारतं. गल्लीत सायकलचं पायडल मारत चाक फिरवणारा धारवाला मऊ पोलादावर खूश असतो. अर्ध्या करवतीचं पातं पुढं केलं, की तो आधी पात्याकडं आणि मग आपल्याकडं बघतो. ते दाते त्याच्या चाकावर बसत नाहीत.

मी काकांना म्हटलं, “घडीची विळी आहे का?”

होती. लाकडी पाट, त्यावर बिजागरीनं आडवं झोपणारं पातं, टोकाला खोबरं खवायचं दातेरी फूल. उभं केलं की खटकन बसतं, पाट पायाखाली दाबला की जागचं हलत नाही आणि कापायला दोन्ही हात मोकळे. मजबूत घडीचं पातं असा भाच्याचा जो शोध चालला होता, तो मराठी स्वयंपाकघरानं कधीच लावून ठेवला आहे. शिवाय नारळ खवता येतो, हे दाढीवाल्या गृहस्थाला सात जन्मांत जमायचं नाही. वजनाचा प्रश्न आहे, मान्य. सुपारी खाणाऱ्यांसाठी अडकित्ता त्याहून हलका. बाजीराव रस्त्यावरच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्त्यांची जी रांग आहे ती पाहिल्यावर आपल्या पूर्वजांना मिटणाऱ्या पात्यांचं किती प्रेम होतं ते कळतं. भाच्यानं दोन्ही सूचना तक्त्यात घ्यायला नकार दिला.

मग आम्ही मंडईत परत आलो, सुरणाच्या आजींपाशी. त्यांच्यापुढं हत्तीच्या पायाएवढा गड्डा होता आणि हातात एक पातं. जुन्या हॅकसॉच्या पात्याला घासून धार काढलेली, मुठीच्या जागी सायकलची ट्यूब गुंडाळलेली. त्यांनी ते फरशीच्या कडेवर दोनदा ओढलं आणि गड्ड्याची फाक अशी उतरवली, की ती पडल्याचं गड्ड्याला कळलं नसावं. शेजारी फणस फोडणारा माणूस दर थोड्या वेळानं पात्याला तेलाचं बोट लावत होता, चीक धरू नये म्हणून. त्याच्या पात्याची जाडी पोस्टकार्डाहून फार नसेल.

“आजी, हा चाकू बघता का जरा?” मी म्हटलं.

आजींनी काळा चाकू हातात घेतला, उलटासुलटा केला. “शिट्टी कशाला रे बाळा?”

“हरवलो तर वाजवायला.”

“चाकू हरवला तर?”

भाचा गप्प. प्रश्न बिनतोड होता. हे चाकू काळे आणि हिरवे-तपकिरी बनवतात ते दिसू नयेत म्हणूनच. आणि मग गवतात पडले की ते शब्दाला जागतात.

आजींनी सुरणावर चाकू धरला आणि दाबला. पात्याची पाठ चार मिलिमीटरची. ते सुरणात शिरलं थोडं, मग अडलं, मग कट्ट असा आवाज झाला आणि फाक वेडीवाकडी तुटून बाजूच्या भोपळ्यांत जाऊन पडली. करवतीच्या दात्यांत सुरणाचा लगदा भरला. आजींनी शेजारच्या टोपलीतली काकडी घेऊन बघितली. काकडी चिरली गेली नाही, उडाली.

“पाचर आहे ही,” आजी म्हणाल्या. “लाकूड फोडायला बरी. भाजीचं काम नाही.”

दाढीवाल्या गृहस्थाच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा यात जास्त माहिती होती. पातं किती कापतं हे पाठीच्या जाडीवर नव्हे, धारेच्या मागं ते किती पातळ आहे त्यावर ठरतं. जाड पातं वाकत नाही, तुटत नाही, आणि कापतही नाही.

यापुढचा अनुभव घडीच्या चाकूचा खास. सुरणाचा रस आणि लगदा मुठीच्या खाचेत, पिनेपर्यंत उतरला. आजींनी आपलं पातं फडक्यावर पुसलं, झालं. भाचा टूथपिक, रुमाल, पाण्याची बाटली घेऊन अर्धा तास बसला, तरी मिटताना आतून कचकच येतच राहिली. मग हात खाजू लागले. मग, त्यानं चाकू जिथं ठेवला होता, तो खिसा. आजींनी कोकम चोळायला दिलं, हातांना. परत करायच्या मुदतीचा प्रश्नही तिथंच निकालात निघाला. खाजरी वस्तू परत घेण्याचा रकाना त्यांच्या अर्जात नव्हता.

बहीण तोवर बोहरी आळीत जाऊन लाल चाकू घेऊन आली होती. कुलूपवाला, थोरल्या मुठीचा. आजींनी त्यानं काकडी चिरली, मग एक पातळ फाक सुरणाचीही. “हा जातोय,” म्हणाल्या. काळा चाकू आता भाच्याच्या गाडीत असतो. काच फोडायची वेळ कधी आलीच, तर तो त्या कामाला चांगला आहे.

तुम्हाला घ्यायचाच असेल तर माझं मत सरळ आहे. पातं तीन ते साडेतीन इंच, पाठ अडीच-तीन मिलिमीटर, धार साधी, दाते नकोत. पोलाद न गंजणारं आणि गल्लीतल्या धारवाल्याला झेपेल असं. कुलूप न डुलणारं, आणि पिनेची जागा धुता येईल इतकी उघडी. मूठ लाल किंवा केशरी, शेवटी दोरी ओवायला भोक. शिट्टी वेगळी घ्या, ती गळ्यात असते. आणि खरेदीआधी मंडईत या. पातं बघून आजी बरोबर सांगतात. फक्त चाचणीसाठी कापलेला अर्धा किलो सुरण विकत घ्यावा लागेल, आणि घासाघीस करू नका. तज्ज्ञांची फी म्हणून तो स्वस्तच पडतो.